दिवाळीच्या सुटीत व्हिएतनाम: आधी वारा बघा, मग तिकीट काढा

होई आन गावात तान की नावाचं एक जुनं लाकडी व्यापारी घर आहे. त्याच्या माडीच्या तक्तपोशीला चौकोनी झाप ठेवलेली आहे. मागची नदी फुगली की तळमजल्यावरचा माल दोर लावून त्या झापेतून वर ओढून घ्यायचा, अशी ती सोय. खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, प्रत्येकीपुढे साल लिहिलेलं. १९६४ ची खूण बघायला मला मान वर करावी लागली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बरोबर सत्तरीची आई होती, बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे कोरडी हवा असणार असं धरून आम्ही मुंबईहून निघालो होतो. पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघण्यात गेले.

दसरा झाला की पाऊस गेला, हा आपला हिशेब. दिवाळीच्या सुटीतली सहल आपण त्याच हिशेबानं ठरवतो. व्हिएतनाम तर आता अगदी हाताशी आलं आहे. मुंबईहून थेट विमानानं साधारण पाच तास, आणि घड्याळ फक्त दीड तास पुढे. पण नेमक्या त्याच दिवसांत त्या देशाच्या एका भागात वर्षातली सर्वांत छान हवा असते आणि दुसऱ्या भागात वर्षातला सर्वांत मोठा पाऊस. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मार्ग कसा आखावा, ते क्रमानं सांगते.

पहिली पायरी: नकाशाचे तीन तुकडे करा

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मध्ये इतका चिंचोळा की एका ठिकाणी समुद्रापासून लाओसच्या सीमेपर्यंत जेमतेम ५० किलोमीटर भरतात. उत्तरेतलं हनोई आपल्या नागपूरच्या अक्षांशावर येतं. मधलं दा नांग मालवणच्या रेषेत, आणि दक्षिणेतलं हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, केरळातल्या पालक्काडच्या. नागपूर, मालवण आणि पालक्काड या तिन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात सारखी हवा असेल असं आपण कधीच म्हणणार नाही. तिथेही म्हणू नका.

कागदावर तीन रकाने करा. उत्तर: हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग, सापा, हा जांग. मध्य: ह्युए, दा नांग, होई आन, आणि जरा खाली न्हा त्रांग. दक्षिण: सायगॉन, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, फु क्वोक बेट. तुम्हाला बघायची ती सगळी ठिकाणं यांतल्या एकेका रकान्यात लिहा. दोन प्रचंड हातांनी पेलल्यासारखा दिसणारा 'सोनेरी पूल' दा नांगजवळच्या बा ना डोंगरावर आहे, म्हणजे तो मधल्या रकान्यात. हे आत्ताच लिहून ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

दुसरी पायरी: वारा समजून घ्या

ही पायरी गाळू नका. एकदा हे डोक्यात बसलं की महिन्यांचे तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो आणि कोकणात कोसळतो. घाटाच्या पलीकडे देशावर पाऊस रोडावतो. व्हिएतनामच्या मध्यभागी लाओसच्या सीमेला लागून त्रुओंग सोन नावाची डोंगररांग आहे, तो तिथला सह्याद्री समजा. फरक एवढाच की समुद्र या रांगेच्या पूर्वेला आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा वाहतो तेव्हा त्याचं पाणी दक्षिणेत आणि लाओसच्या बाजूला पडतं, आणि ह्युए-दा नांगचा किनारा देशासारखा पर्जन्यछायेत, कोरडा आणि तापलेला असतो. सप्टेंबर सरता सरता वारा उलटतो. ईशान्येकडून, समुद्रावरून पाणी घेऊन येतो आणि त्याच डोंगराला या बाजूनं धडकतो. जो भाग उन्हाळाभर देश होता तो आता कोकण होतो. तमिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबर ज्या वाऱ्यामुळे पाऊस मिळतो, त्याच ईशान्य मोसमी वाऱ्याचा हा पूर्वेकडचा भाग.

ह्युएला ऑक्टोबरच्या एका महिन्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जुलैतल्या मुंबईच्या तोलाचा. त्याच महिन्यात हनोईला १५० च्या आतबाहेर. त्यात समुद्रातली वादळं. जून ते सप्टेंबर ती बहुधा उत्तरेच्या किनाऱ्याला लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य भागाला, आणि वर्षाअखेर आणखी खाली सरकतात. वादळ आणि ईशान्येचा थंड वारा एकत्र आले की ह्युएची खैर नसते. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथे २४ तासांत १,३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी ह्युए आणि दा नांगच्या मधल्या बाक मा डोंगरावर एका दिवसात १,७०० च्या वर नोंद झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्या दिवसाची आठवण असणाऱ्यांना हे आकडे समजावून सांगायला नकोत. २०२५ च्या त्या ऑक्टोबरात, त्याच आठवड्यात होई आनच्या थू बोन नदीनं १९६४ ची पातळीही ओलांडली. आपल्याकडे तेव्हा दिवाळीची सुटी चालू होती.

तिसरी पायरी: यंदाची दिवाळी कधी, ते बघा

लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २० आणि २१ ऑक्टोबरला आलं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. हा अडीच-तीन आठवड्यांचा फरक व्हिएतनामच्या हवेत फार मोठा आहे. म्हणून 'आमची मैत्रीण दिवाळीत गेली होती, छान हवा होती' हे ऐकलंत तर आधी तारीख विचारा.

दिवाळी ऑक्टोबरात असेल तर सरळ उत्तर धरा. हनोईत तेव्हा दिवसा २८-२९ अंश, रात्री विशीच्या जरा वर, आकाश मोकळं आणि घाम नाही. दक्षिणेत मात्र अजून पावसाळाच चालू असतो. ऑक्टोबरात सायगॉनला २५० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो.

दिवाळी नोव्हेंबरात असेल तर उत्तर आणि दक्षिण दोन्ही जमतात. सायगॉनचा पाऊस निम्म्यावर येतो, फु क्वोक बेटावरचा पावसाळा ओसरतो आणि समुद्र शांत व्हायला लागतो. हे बेट पश्चिमेला थायलंडच्या आखातात आहे, त्यामुळे ईशान्येचा वारा त्याच्यापर्यंत पाणी टाकून मगच पोचतो. ज्यांना दिवाळीत समुद्रात डुंबायचंच आहे त्यांनी दा नांग किंवा न्हा त्रांगचा हट्ट सोडून फु क्वोकला जावं. न्हा त्रांगला तर नोव्हेंबर हाच भर पावसाचा महिना.

दोन्ही वेळी मधला भाग ओलाच. माझं स्पष्ट मत आहे की दिवाळीच्या सुटीत पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर, तो गाळावा. आठ दिवसांत तिन्ही भाग उरकणारी जी तयार सहल सगळीकडे विकली जाते ती फेब्रुवारी-मार्चला उत्तम आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या मधले तीन दिवस म्हणजे सोडत आहे. एखाद्या वर्षी लख्ख ऊनही मिळतं, मी नाही म्हणत नाही. पण तिकिटाचे पैसे तुमचे आहेत आणि सुटी वर्षातून एकदा मिळते.

चौथी पायरी: त्या दिवसांत तिथे खरोखर काय असतं, ते विचारा

पाऊस नाही एवढ्यानं भागत नाही. जाहिरातीत दिसतं ते तुमच्या तारखांना तिथे असेल का, हेही बघावं लागतं.

सापा आणि मु कांग चाईची सोनेरी भातखाचरं आधी घ्या, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. तिथलं भात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पिकून कापलं जातं. दिवाळीत तुम्ही जाल तेव्हा खाचरांत नुसती खुंटं असतात. सापा पंधराशे मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरात तिथे चांगली थंडी पडते आणि कधी कधी दिवसभर धुकं हलत नाही. निन्ह बिन्हच्या नदीकाठची पिवळी शेतं ज्या फोटोंत दिसतात ते मे-जूनचे असतात. होडीतून डोंगरांखालच्या गुहांत शिरण्याची मजा मात्र शरदातही पुरेपूर आहे, शेतांची आशा न ठेवता जा.

याउलट हा जांगच्या खडकाळ डोंगरांत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर कुट्टू फुलतं. तेच, ज्याचं पीठ उत्तर भारतात उपासाला चालतं. करड्या दगडांत गुलाबी-जांभळ्या फुलांचे पट्टे. रस्ता वळणांचा आणि दरीकाठचा आहे. तिथे दुचाकी भाड्यानं घेऊन फिरायची पद्धत आहे, पण आपल्या परवान्यावर स्वतः चालवायच्या फंदात पडू नका. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायची पंचाईत होते. स्थानिक चालकाच्या मागे बसा किंवा गाडी करा.

आणि हनोई. शरद ऋतूतलं हनोई हे एवढ्या लांब जायला पुरेसं कारण आहे. संध्याकाळी रस्त्यांवर एक जड, गोड वास भरून राहतो. तिथले लोक त्या फुलाला 'होआ सुआ' म्हणतात, म्हणजे दूधफूल. मी झाडाखाली जाऊन पानं मोजली, एका पेरावर सात. आपली सातवीण! पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर याच दिवसांत फुलते तीच. सकाळी फेरीवाल्या बायका 'कॉम' विकतात. कोवळा चिकट भात भाजून, कांडून केलेले हिरवट, मऊ पोहेच ते, कमळाच्या पानात बांधून देतात. चिमूटभर तोंडात टाकून सावकाश चावायचे. आईनं दोन पुड्या घेतल्या आणि हॉटेलात केळ्याबरोबर खाल्ल्या. तिथले लोकही केळ्याबरोबरच खातात, हे आम्हाला नंतर कळलं.

दक्षिणेत मेकाँगकडे जाणार असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला 'पाणी चढण्याचा' हंगाम. हा पूर मारणारा नाही. नदी हळूहळू शेतांवर पसरते, गाळ आणि मासे आणते, लोक त्याची वाट बघतात. चाउ डॉकजवळचं त्रा सु जंगल तेव्हा होडीतून बघण्यासारखं असतं. इथे कोकणातल्या वाचकांना चटकन कळेल अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उधाण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमावस्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे भरतीचं पाणी कान थो आणि सायगॉनच्या सखल रस्त्यांवर चढतं, पाऊस नसतानासुद्धा. लक्ष्मीपूजन अमावस्येचंच, त्यामुळे पाडवा-भाऊबीजेला कान थोच्या नदीकाठी राहणार असाल तर तळमजल्यावरची खोली घेऊ नका.

पाचवी पायरी: मार्ग आणि आरक्षण

ऑक्टोबरातल्या आठ दिवसांसाठी मी असं सुचवेन: मुंबईहून हनोई, दोन दिवस शहर, मग हा लाँगच्या आखातात बोटीवर एक रात्र, निन्ह बिन्हला दोन, परत हनोईला एक दिवस मोकळा. जास्त दिवस असतील तर हा जांग जोडा. नोव्हेंबरात हनोईत उतरा आणि सायगॉनहून परता. पहिले चार दिवस उत्तर, मग दोन तासांच्या विमानानं दक्षिण, शेवटी फु क्वोक. येण्याजाण्याची शहरं वेगळी ठेवली की तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

हा लाँगची बोट सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. वादळाचा इशारा आला की बंदर प्रशासन सगळ्या बोटी थांबवतं, आणि ते योग्यच आहे. ७ सप्टेंबर २०२४ ला आलेल्या यागी वादळानं या किनाऱ्याची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं. बोट रद्द झाली तर ती दोन दिवस पुढे ढकलायला मागे जागा हवी. त्याच कारणानं परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठलाही लांबचा प्रवास नको.

हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. आमचं होई आनचं आरक्षण परतावा न मिळणारं होतं, म्हणून हवा बघूनसुद्धा आम्ही तिकडे गेलो. केवळ पैसे बुडू नयेत म्हणून पावसात जाणं हे दुहेरी नुकसान आहे.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, हुबेहूब तशीच दिसणारी खासगी पानं जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असलेल्या आपल्या लोकांची चूक इथेच होते. निदान तीन आठवडे आधी करा.

सहावी पायरी: निघण्याआधीचे दहा दिवस

मोबाइलवरच्या हवामानाच्या चित्रांवर जाऊ नका. सायगॉनला ऑक्टोबरात ते रोज ढग आणि वीज दाखवतं, आणि लोक घाबरून सहल रद्द करतात. प्रत्यक्षात तिथली सर म्हणजे दुपारी तास-दोन तास बदाबद पाऊस आणि मग लखलखीत संध्याकाळ. मध्य भागात तेच चित्र असेल तर त्याचा अर्थ तीन-चार दिवस न थांबणारी झड असू शकतो. खूण एकच असली तरी पाऊस निराळा.

दहा दिवस आधी फक्त एक बघा: फिलिपिन्सच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला काही फिरतंय का. तिथलं वादळ पश्चिमेकडे आलं तर काही दिवसांत व्हिएतनामच्या किनाऱ्यापाशी असतं. पाच दिवस आधी मार्गाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा होतो, तेव्हा हॉटेलवाल्याला आणि बोटवाल्याला संदेश टाका. दोन दिवस आधी जो निर्णय घ्याल तो पाळा. व्हिएतनामी बातम्यांत वादळांना नावापेक्षा क्रमांकानं ओळखतात. यागी त्यांच्यासाठी '२०२४ चं वादळ क्रमांक ३'. चार शब्द लक्षात ठेवलेत तर बातमीचा मथळा कळतो. 'मुआ' म्हणजे पाऊस, 'बाओ' वादळ, 'लू' पूर, आणि 'आओ मुआ' म्हणजे रेनकोट. शेवटचा शब्द दुकानात सर्वांत जास्त कामाला येतो.

सामानाचं थोडक्यात. आपल्या पावसाळ्यातल्या रबरी चपला न्या, बूट वाळत नाहीत. छत्रीपेक्षा तिथला गुडघ्याखालपर्यंतचा आओ मुआ बरा, कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. उत्तरेच्या डोंगरांसाठी स्वेटर आणि कानटोपी. पासपोर्ट आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. आणि पैसे मोजताना दिवा लावा, २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात.

मधला भाग बघायचाच असेल तर

काहींना माय सन बघायचंच असतं, आणि मला ते समजतं. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं डोंगरांच्या कुशीत उभी आहेत, आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आहे, आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. अशांनी दा नांगला मुक्काम करावा, होई आनच्या नदीकाठी नको. दा नांगला विमानतळ आहे, त्यामुळे निसटता येतं. तीन रात्री ठेवा आणि कुठल्या दिवशी काय ते सकाळी आकाश बघून ठरवा. पावसाच्या दिवशी चाम शिल्पांचं संग्रहालय बघा, अर्धा दिवस कसा गेला कळत नाही. बा ना डोंगर ढगात असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका, सोनेरी पुलाचे हातसुद्धा दिसत नाहीत. होई आनसमोरच्या समुद्रातल्या चाम बेटांच्या बोटींची आशा या महिन्यांत धरू नका. ह्युएला आगगाडीनं जायचा रस्ता हाय वान घाटातून समुद्रकडेनं जातो आणि फार सुंदर आहे, पण पुरात गाड्या थांबतात, म्हणून त्यावर पुढचं विमान अवलंबून ठेवू नका.

होई आनमध्ये असताना दुकानदार तळमजल्यावरचा माल वर न्यायला लागले, तर पुलावर पाणी बघायला जाऊ नका. कुणी काही सांगायची वाट न बघता पिशव्या भरा आणि दा नांगची गाडी धरा. आमच्या हॉटेलच्या मावशींनी सकाळी गालिचे गुंडाळायला घेतले तेव्हा आईनंच ते आधी ओळखलं. चिपळूणला माहेर आहे तिचं.